पोट न चोळणारी ठमाबाई

कुडपणच्या वरच्या वाडीत पोट चोळायला ठमाबाई, हे साऱ्या पठाराला ठाऊक होतं. बोलावलं की ती येते खरी, पण दहा पोटांतल्या चारांना हातच लावत नाही, हेही ठाऊक होतं. या दुसऱ्या गोष्टीपायी तिनं जेवढी बोलणी खाल्ली तेवढी वाडीतल्या आळशातल्या आळशी सुनेनंही खाल्ली नसतील. न्हाव्याला बोलावलं तर तो हजामत करतो, सुताराला बोलावलं तर तो लाकूड तासतो. मग चोळणारीनं यावं, पोटाकडे बघावं, चार नको ते प्रश्न विचारावेत आणि तेलाची वाटी तशीच परत करावी, ही कुठली तऱ्हा? लोकांचं म्हणणं रीतीला धरून होतं आणि ठमाबाईचं वागणं रीत सोडून होतं. तरी बरोबर होती ती ठमाबाईच, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कोडं घालण्यात अर्थ नाही.

तिचं माहेर शिवथरचं. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती डोंगर चढून कुडपणला आली. नवरा रामा मुंबईला गोदीत कामाला होता, तो तिकडेच तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. सासू येसूबाई मात्र लांबच लांब आयुष्याची होती आणि हातगुणाची होती. पोटात गोळा आला, बेंबी सरकली, बाळंतिणीचं पोट उतरलं, की लोक येसूबाईला हाक मारायचे. तिनं सुनेला शेजारी बसवून शिकवलं. एरंडेल किती कोमट करायचं, अंगठा कुठं ठेवायचा, तळहात कुठल्या अंगानं फिरवायचा, हे ठमाबाई दोन वर्षांत शिकली. हात मऊ होता, दम होता, आणि बडबड नव्हती. सासूमागून वाडीनं तिला आपसूक त्या जागेवर बसवलं.

मग एका उन्हाळ्यात शिवथरहून माणूस आला, की चांगूचं पोट फुगलंय. चांगू म्हणजे तिचा बाप. ठमाबाई तशीच निघाली. बापाचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, ओकारी थांबत नव्हती. वारा सरत नव्हता. लेकीनं दोन दिवस पोट चोळलं. एरंडेल पाजलं, पुन्हा चोळलं. म्हातारा आधी ओरडत होता, मग कण्हायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाएकी शांत झाला. चेहरा निवळला. घरातली माणसं म्हणाली, लेकीच्या हाताला यश आलं. ठमाबाईलाही तसंच वाटलं, तिनं त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास खाल्ले. पहाटे चांगू गेला.

सगळे म्हणाले, दिवस भरले होते. लेकीनं सेवा केली, तिच्या हाताखाली सुखानं गेला. हे बोलणं ऐकताना ठमाबाईनं आपले दोन्ही हात लुगड्यात लपवले होते. आपल्याच हातांनी काहीतरी झालं, असं तिला आतून वाटत होतं. काय झालं ते मात्र कळत नव्हतं, आणि विचारावं असं कुणी माणूस नव्हतं. दुसरी एखादी असती तर तिनं चोळणं सोडून दिलं असतं, नाहीतर लोकांचं म्हणणं पटवून घेऊन मोकळी झाली असती. ठमाबाईनं दोन्ही केलं नाही. तिनं शोध घ्यायचं ठरवलं.

तिची शोध घ्यायची रीतही जगावेगळी. पठारावरच्या कुठल्याही वाडीत म्हातारं माणूस गेलं, की तेराव्याला ठमाबाई हजर. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, की ती त्या घरच्या सुनेजवळ किंवा लेकीजवळ जाऊन बसायची आणि हळूहळू विचारायची. अन्न कधीपासून कमी झालं? गिळताना अडत होतं का? ओकारीचा रंग कसा होता? परसाकडे जाणं आधी कधी बदललं होतं? शेवटी दुखणं वाढलं, की थांबलं? घरच्यांना राग यायचा. मढ्याची उलटतपासणी करायला आली, असं तोंडावर बोलायचे. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या घरचा म्हातारा कशानं गेला हे तिला वीस वर्षांचं तोंडपाठ होतं. महाडच्या बाजाराला गेली, की दवाखान्याच्या ओट्यावर कंपाउंडर बिडी ओढायला येईपर्यंत बसून राहायची आणि त्यालाही एकदोन गोष्टी विचारायची. त्या बिचाऱ्यानं आधी हुसकावलं, मग हसून सोडून दिलं, आणि शेवटी तो तिला नीट उत्तरं द्यायला लागला.

अशा विचारपुशीतून तिला जे कळलं ते पठारावर दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. पोर आणि तरुण माणूस पोटात दुखलं की बोंब मारतं, म्हातारं माणूस गप्प बसतं. त्याला दुखतंही कमी आणि सांगायची लाजही जास्त. घरचे म्हणतात वय झालं, म्हातारंही म्हणतं वय झालं, आणि सगळ्यांचं एकमत झालं की दुखणं निवांत वाढत जातं. म्हणून ठमाबाई म्हाताऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कमरेकडे बघायची. करदोटा दोन महिन्यांत ढिला पडला असेल, म्हातारीच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकत असतील, तर तिथं ती तेल मागायचीच नाही. पोट फळीसारखं ताठ लागलं, की हात उचलायची. "हे माझ्या हातातलं नाय, म्हाडला न्या," एवढंच म्हणायची आणि निघायची. लोक म्हाडला नेत नसत. कोण नेणार? उतरणीची घाटवाट, खाली पोलादपूर, तिथून पुढं महाड. म्हाताऱ्या जीवासाठी एवढी यातायात कुणी करत नसे. म्हातारी माणसं घरात मरत होती आणि ठमाबाई तेराव्याला जाऊन विचारत होती. तिला याचा फार त्रास व्हायचा. बोलून दाखवायची नाही इतकंच.

सन एकतीस-बत्तीसच्या सुमाराला पौष महिन्यातली गोष्ट. नाचणी झोडून झाली होती, गवत कापून उडव्या रचायचं चाललं होतं. ठमाबाई अंगण सारवत होती, आणि तिला दिसलं, की बायका एकामागून एक झाकलेल्या वाट्या घेऊन महिपतच्या घराकडे चालल्या आहेत. ती सारवता सारवता थांबली. कारण या वाट्यांचा अर्थ त्या पठारावर लहान पोरालाही कळत होता. वडीलधाऱ्या माणसानं अन्न सोडलं, की त्याची इच्छा मागं राहू नये म्हणून भावकीतल्या प्रत्येक घरानं त्याच्या आवडीचा एकेक जिन्नस नेऊन त्याला घासभर चारायचा. माणूस जाणार हे ठरलं, आता त्यानं तृप्त होऊन जावं, असा त्यातला भाव. रीत प्रेमाची होती. वाईट हेतू कुणाचाही नव्हता.

महिपत हा ठमाबाईच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. साठी ओलांडलेला, हाडापेरानं मजबूत, शब्दाला गरीब. नात्यानं तो तिचा भावोजी. तीस वर्षांत ती त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय आली नव्हती आणि त्याच्याशी थेट एक अक्षर बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर त्याची बायको आवडी मधे असायची. त्याच्या पोटाला हात लावणं तर दूरच. म्हणूनच तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सारवणाचा बोळा टाकून, हात न धुताच, न बोलावता निघाली.

महिपतच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. लेक साळूबाई सासरहून गूळखोबऱ्याची घावनं घेऊन आली होती. कुणाची खीर, कुणाचं जवळ्याचं कालवण, कुणी पोलादपूरहून मुद्दाम बत्तासे आणलेले. महिपत वाकळेवर भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाचं मन मोडू नये म्हणून प्रत्येकाचा एक घास खात होता. दर चार घासांनी ओकत होता. ओकून झालं की तोंड पुसून पुढच्या वाटीकडे वळत होता. असा सभ्य माणूस. चुलीत विळा तापत घातला होता, पोटावर डाग द्यायला.

ठमाबाई दाराआड उभी राहिली, पदर पुढं ओढला आणि आवडीला बोलावून घेतलं.

"बाय, कधीपासून हाय हे?"

"परवापास्नं. गवताचा भारा उचलला अन् बसलेच खाली. मंग ओकारी."

"वारा सरतोय?"

आवडीनं इकडेतिकडे बघितलं. घर भावकीनं भरलेलं. "काय इचारतेस गो माणसांत?"

"सरतोय का नाय, सांग."

"नाय. परवापास्नं कायच नाय."

"ओकारी कसली?"

"आदी खाल्लेलं पडायचं. काल हिरवं. आता वास येतो," आवडी म्हणाली आणि तोंड वळवलं.

तिचा मुलगा सदू पुढं आला. तिशीचा गडी, पण दोन दिवसांच्या जागरणानं पोरासारखा दिसत होता. "पण काकी, आज दुखायचं कमी हाय. बाबा सोताच बोलले, थोडंच दुखतंय."

हा थोडंच दुखतंय म्हणणारा माणूस एकदा कोयतीनं पाय तुटता तुटता वाचला होता आणि तसाच चालत घरी येऊन थोडंसं लागलंय म्हणाला होता. ठमाबाईला शिवथरचा बाप आठवला. पोट फुगलेलं दारातूनही दिसत होतं. भारा उचलल्यावर सुरू झालं, वारा बंद, ओकारीला वास. वीस वर्षांच्या तेराव्यांतले तीन म्हातारे तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. तिघांच्या घरच्यांनी, फार खोदून विचारल्यावर, एक लाजेची गोष्ट सांगितली होती.

"बाय," ती अगदी हळू म्हणाली, "भावोजींच्या जांघेत कधी काय उतरतं का?"

आवडी लाल झाली. "नाय नाय. कायतरीच काय."

घर चिडीचूप झालं होतं, त्यामुळे हळू बोललेलंही आत पोचलं. आणि मग जे झालं त्यानं सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीला टेकलेला महिपत दाराकडे न बघता, पण सरळ ठमाबाईलाच, बोलला.

"हाय. वीस वरसं हाय. निजलो की आत जायचं. चिंधीची गुंडी करून वरनं बांधतो. ह्या बारीला आत गेलं नाय. दगडावानी झालंय."

अंतर्गळ. पोटातली आतडी जांघेत उतरायची, वीस वर्षं आत-बाहेर करायची, ती या वेळी तिथंच अडकून आवळली गेली होती. ठमाबाईला आतड्याचं शास्त्र माहीत नव्हतं. पण वाट बंद झाली आहे आणि वरून खीर ओतणं चाललं आहे, एवढं तिला लखलखीत कळलं. तिचा स्वतःवरचा ताबा सुटला. तिनं आत जाऊन चुलीतला विळा ओढून अंगणात फेकला आणि आवडीकडे वळून, भरल्या भावकीत, मोठ्यानं म्हणाली, "तुला ठावं हुतं. वीस वरसं ठावं हुतं अन् तू दोन दिस त्यांना चारतेस? काढ ह्या वाट्या. पान्याचा थेंब नको. डोली बांध रे सदू, म्हाडला न्यायचं."

आवडीला कुणी असं कधी बोललं नव्हतं. ती थोरल्या घरची थोरली सून. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग संताप आला. "म्हाडला? घाटात मेले तर? आपल्या उंबऱ्यावर, लेकरांच्या मांडीवर जायाचं सोडून वाटंत मारतेस त्यांना? तुझं कोन हाय गो मागं, तुला काय कळणार?"

भावकीला आवडीचं पटलं. म्हातारा माणूस बाहेर मरणं म्हणजे घराला डाग. दोन जाणत्यांनी ठमाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, तू म्हणतेस तसं नेलं आणि वाटेत काही झालं, तर या वाडीत तुला पाणी कोण देणार? हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच तसं झालं असतं. नवरा नाही, पोर नाही, जमीन भावकीच्या हातात. तिचं सगळं राहणं लोकांच्या शब्दावर होतं, आणि एक म्हातारा घाटात मेला असता तर तो शब्द संपला असता. ठमाबाईला हे पुरतं कळत होतं.

"मी चोळनार नाय," ती म्हणाली, "अन् हितं बसून बघनार पन नाय. भावोजींनाच इचारा."

सगळे महिपतकडे वळले. त्याच्यापुढं साळूबाईनं आणलेली, एक घास मोडलेली घावनं होती. त्यानं ती हातानं बाजूला सारली.

"न्या मला," तो म्हणाला. "आनखी येक वाटी आली तर मी त्याच्यानंच मरीन."

बांबूला घोंगडी बांधून डोली झाली. चार जण खांद्याला, चार बदली. ठमाबाई डोलीच्या उशाशी चालत होती, आवडी पायथ्याशी, आणि मागून साळूबाई. दोघींमध्ये महिपत आणि त्याच्याहून मोठा अबोला. अर्ध्या उतरणीवर विसाव्याला डोली टेकली, तेव्हा महिपतनं पाणी मागितलं. आवडीनं कमरेची लोटी सोडली. ठमाबाईनं लोटी तिच्या हातातून काढून घेतली, फडक्याचं टोक भिजवलं आणि ते साळूबाईच्या हाती देऊन महिपतचे ओठ ओले करवले. आवडीनं त्या वेळी तिच्याकडे जे बघितलं ते बदलीच्या गड्यांनी पुढं कित्येक वर्षं सांगितलं. उन्हात तहानलेल्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेणारी बाई कुठल्या बायकोला आवडेल?

पोलादपूरला पोचले तेव्हा दुपार कलली होती. महाबळेश्वरकडून येणारी मोटार महाडला निघायच्या बेतात होती. ड्रायव्हर ओकणारा माणूस घ्यायला तयार होईना. ठमाबाई काही न बोलता मोटारीत चढली, आपली पासोडी बाकावर अंथरली आणि पदराची झोळी करून बसली. म्हणाली, "सांडलं तर ह्याच्यात सांडंल. चला." ड्रायव्हरच्याही घरी कुणी म्हातारं असावं. त्यानं चार लोकांना पुढं सरकवून जागा केली.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर दिवसाचं काम उरकून हात धूत होते. त्यांनी महिपतला टेबलावर घेतलं, धोतर बाजूला केलं, एकदा बघितलं, आणि कंपाउंडरला हत्यारं उकळायला सांगितली. मग सदूला विचारायला लागले. सदूला काही सांगता येईना. दारातून ठमाबाई, वाटेत साळूबाईच्या तोंडून महिपतलाच विचारून घेतलेलं, सांगू लागली. परवा सकाळी भारा उचलला, तेव्हापासून वारा बंद. ओकारी आधी अन्नाची, मग हिरवी, काल रातीपासून वासाची. आज सकाळी घावनाचा घास आणि खिरीचे दोन घोट, त्यानंतर काहीच नाही, नुसते ओठ ओले. जांघेतलं आधी मऊ होतं, काल दुपारपासून दगड. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं.

"तुम्ही कोण यांच्या?"

"भावजय. वाडीत पोट चोळते मी."

डॉक्टरांचा चेहरा कडक झाला. "मग चोळलंत यांचं पोट?"

"नाय."

"अजिबात नाही? ती गाठ आत ढकलून पाहिली?"

"हात लावला नाय. कुनाला लावू दिला नाय."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "चोळलं असतं तर आतडं तिथंच फुटलं असतं. माणूस तासभर शांत होतो, घरच्यांना वाटतं बरं वाटलं, आणि मग जातो. असे पाहिलेत मी. तुम्हाला कुणी सांगितलं, की चोळू नये?"

"माझा बाप तसा गेला," ठमाबाई म्हणाली. "मीच चोळला त्याला."

डॉक्टर आत वळले. त्यांनी दार लावून घेतलं. ठमाबाई ओट्यावर जाऊन बसली आणि रडली. वीस वर्षं जे आतून ठाऊक होतं ते आज शहाण्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. पण ते ऐकूनही ती कोसळली नाही, हे सांगितलंच पाहिजे. दार लागलेल्या खोलीत एक माणूस अजून जिवंत होता, आणि तो जिवंत असण्याचं कारणही बापाचं तेच मरण होतं. हे तिला रडताना कळत होतं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आवडी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

दिवेलागणीला कंपाउंडर बाहेर आला. कपाळावर घाम होता, पण ठमाबाईला बघून तो हसला. आतडं निळं पडलं होतं म्हणाला. ते कोमट पाण्याच्या फडक्यात गुंडाळून डॉक्टर नुसते वाट बघत उभे राहिले, आणि हळूहळू रंग परत आला, तांबूस झालं. मग आत घालून शिवलं. आणखी उशीर झाला असता तर रंग आला नसता. साळूबाईनं त्याचे पाय धरले. सदू उकिडवा बसून हमसून हमसून रडला. ठमाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढं काय खायला द्यायचं ते विचारून घेतलं. शेळ्यांना बघायला कुणी नव्हतं, म्हणून सकाळी उठून ती चालत कुडपणला निघून गेली.

महिपत तीन आठवड्यांनी आला. घाटाचा शेवटचा चढ त्यानं आपल्या पायांनी चढला. दुसऱ्या दिवशी तो ठमाबाईच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. ती आत, पदर घेऊन. दोघांमध्ये बोलायची रीत पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. तो बराच वेळ आंब्याच्या झाडाकडे बघत उभा होता. मग झाडालाच म्हणाला, "औंदा नाचनी बरी झाली," आणि गेला. तेवढ्यानं ठमाबाईचा दिवस भरून गेला.

आवडी मात्र बोलली नाही. नवरा दोन भाकऱ्या खात होता, गवताचे भारे सदूवर सोडून अंगणात दोऱ्या वळत बसत होता, आणि आवडी ज्या वाटेनं ठमाबाई येईल ती वाट सोडून पाण्याला जात होती. लोकांना नवल वाटायचं. तसं नवल नव्हतं. भरल्या घरात, भावकीसमोर, तूच मारत होतीस असं कुणी म्हटलं, आणि वर ते खरं निघालं, तर ते गिळायला वेळ लागतोच. ठमाबाईला आपलं बोलणं टोचत होतं. शब्द खरे होते, पण माणसांत बोलायला नको होते, असं तिला वाटायचं. दोनदा ती आवडीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. असं सव्वा वर्ष गेलं.

वैशाखातली सकाळ. पोरं करवंदांच्या जाळ्यांतून जांभळी तोंडं करून हिंडत होती. ठमाबाई शेळीला पाला घालत होती, तेव्हा कुंपणाची काठी धरत धरत, मधे दोनदा थांबत, आवडी येताना दिसली. ती अंगणात आली आणि न विचारता ओट्यावर बसली. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ठमाबाईनं हातातला पाला खाली ठेवला.

"गो ठमा," आवडी म्हणाली. सव्वा वर्षातला तो पहिला शब्द. "परसाकडं काळं हुतंय मला. काजळीवानी काळं, अन् चिकट. उठलं की डोळ्यांम्होरं अंधारी येते."

"कधीपास्नं?"

"मी करवंदांवर ढकलीत हुते. येकटीच बसून काल इचार केला. पाडव्यापास्नं हाय हे. पाडव्याला करवंदं कुठली? अन् मला दात नायत, मी खातेच कधी?"

ठमाबाई तिच्याकडे बघत राहिली. वीस-बावीस वर्षं ती लोकांच्या मागं लागून, तेराव्याला बसून, बोलणी खाऊन जे विचारत होती, ते ही बाई आपल्या पायांनी येऊन, जिवंतपणी, कुणी न विचारता सांगत होती. तिनं पोटाला हात लावला नाही. आवडीचा हात हातात घेतला. तो थंड होता.

"उद्या नाय, बाय. आजच जायाचं," ती म्हणाली आणि उठली. "चालत नको तू. सदूला सांगते, चार मानसं बघून डोली बांधाया लावते."

"बांधली," आवडी म्हणाली. "मानसं दारात उभी हायत. तू संगती येतेस का, येवढंच इचाराया आले."